भोक पाडण्याआधी

ड्रिलच्या तासाला आपण जी रायफल खांद्यावर घेतो, तिच्या नळीला चेंबरपाशी आरपार भोक आहे. फायरिंग पिन काढलेली आहे. वर डी. पी. ही दोन अक्षरे आहेत, म्हणजे ड्रिल पर्पज. ही रायफल पुन्हा कधीही गोळी झाडणार नाही अशी खात्री करूनच ती आपल्या हाती दिली जाते आणि ते योग्यच आहे. पहाटे साडेपाच वाजता अर्धवट झोपेत फॉल-इन झालेल्या आठवीच्या कॅडेटला जिवंत रायफल द्या, असे मी म्हणणार नाही. माझे म्हणणे वेगळे आहे. पोलीस दलांतून आता .३०३ रायफली निघत आहेत. उत्तर प्रदेश पोलिसांनी २६ जानेवारी २०२० च्या संचलनात तिला निरोप दिला. निवृत्त हत्यारांच्या वाटा तीनच: ड्रिल, काचेचे कपाट किंवा भंगार. मला चौथी वाट हवी आहे. त्यांतल्या निवडक रायफलींना भोक पाडू नका. त्यांतून अधूनमधून गोळी झाडत राहा. पूर्ण ताकदीची नाही, शिशाची ओतीव गोळी, बेताच्या वेगाची.

मी नेहमी घेतो त्या रायफलीवर मुकुट, त्याखाली जी. आर. आय., मग ईशापूर आणि १९४२ अशी अक्षरे आहेत. पॉलिश करताना ती बोटाला लागतात. ईशापूरची रायफल फॅक्टरी कोलकात्याजवळ हुगळीच्या काठी आहे. जेम्स पॅरिस ली या माणसाने बोल्ट आणि मॅगझिनची रचना केली, इंग्लंडमधल्या एनफील्डच्या कारखान्याने ती घडवली, म्हणून नाव ली-एनफील्ड. मॅगझिनमध्ये दहा राउंड, वजन चार किलोच्या आसपास. दुसऱ्या महायुद्धात आपले जवान हीच रायफल घेऊन ब्रह्मदेशापासून आफ्रिकेच्या वाळवंटापर्यंत लढले. तिची काडतुसे आपल्या पुण्याजवळच्या खडकीलाही बनत, त्यांच्या बुडावर के. एफ. असा ठसा असे. १९६२ मध्ये नेफाच्या बर्फात चिनी सैन्याच्या स्वयंचलित हत्यारांसमोर आपल्या जवानांच्या हाती हीच होती. त्यानंतर ईशापूरने याच रचनेची ७.६२ मिलिमीटरची रायफल काढली, पण तोवर हिचा काळ संपत आला होता.

अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया इथे महायुद्धांनंतर जुन्या लष्करी रायफली लोकांना विकल्या गेल्या. तिथे लोक ली-एनफील्ड, माउझर, स्प्रिंगफील्ड, मोसिन-नागांत जमवतात आणि नुसत्या भिंतीवर टांगत नाहीत, चालवतात. ओहायोमध्ये कॅम्प पेरी येथे फक्त जुन्या लष्करी रायफलींचे सामने होतात. यांपैकी बरेच नेमबाज आपल्या गोळ्या स्वतःच ओततात. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते. त्यात थोडे कथील घालतात म्हणजे साचा नीट भरतो, आणि थोडे अँटिमनी घालतात म्हणजे गोळी कडक होते. दोन फाळ्यांच्या साच्यातून गोळी बाहेर पडते तेव्हा चांदीसारखी चमकते म्हणतात. पत्नी-मुलांच्या तक्रारी सोसून गॅरेजमध्ये शिसे वितळवणारे आजोबा तिथे पुष्कळ असावेत.

हा खटाटोप कशासाठी? पैसे वाचतात हे खरेच, पण मला पटलेले कारण दुसरे आहे. .३०३ ची लष्करी गोळी १७४ ग्रेनची, वर कठीण धातूचे कवच, वेग सेकंदाला सुमारे ७४० मीटर. पूर्वी तिच्यात कॉर्डाइट असे. ते फार तापून जळते आणि नळीच्या सुरुवातीच्या खाचा झिजवते. त्या काळच्या कॅपमधून मिठासारखा क्षार नळीत उरे, तो हवेतले पाणी ओढून घेई आणि नळी गंजे. म्हणून जवान फायरिंगनंतर नळीत उकळते पाणी ओतत. असे आयुष्य काढलेल्या ऐंशी वर्षांच्या नळीला पुन्हा पूर्ण ताकदीचा मारा सोसायला लावणे मला बरे वाटत नाही. ओतीव गोळी मऊ असते, तिला साधारण ४५० ते ५५० मीटरचा वेग पुरतो. धक्का कमी, दाब कमी, झीज तर जवळजवळ नाहीच.

मात्र या गोळीला लाड लागतात. कारखान्यातून एकाच मापाच्या म्हणून निघालेल्या नळ्या प्रत्यक्षात सारख्या नसतात, वापराने आणखी वेगळ्या होतात. म्हणून आधी मऊ शिशाचा तुकडा नळीतून हळूहळू ठोकत बाहेर काढतात, त्यावर खाचांचे ठसे उमटतात आणि ते मायक्रोमीटरने मोजतात. गोळी त्या मापापेक्षा केसभर जाड ठेवायची. बारीक राहिली तर मागचा तप्त वायू कडेने निसटतो, शिसे वितळून खाचांत चिकटते आणि नेम बिघडतो. बुडाला तांब्याची चिमुकली वाटी बसवतात तीही यासाठीच. म्हणजे दोन रायफली शेजारी उभ्या असल्या, दोन्हींवर १९४२ असले, तरी दोघींची गोळी वेगळी. गणिताचा आणि फिजिक्सचा एवढा चांगला प्रॅक्टिकल मला आमच्या लॅबमध्ये दिसलेला नाही.

शिवाय गोळीला वंगण लागते. बहुधा मधमाशीचे मेण आणि सोबत काही तेलकट पदार्थ. इथे वाचकांना इतिहासाचे पुस्तक आठवेल. १८५३ च्या नमुन्याच्या एनफील्ड रायफलीचे कागदी काडतूस चरबी लावलेले होते ते याच कारणाने. शिशाची गोळी तोंडाकडून नळीत सरकायला हवी होती. ती चरबी गाईची आणि डुकराची आहे ही बातमी छावण्यांत पसरली आणि २९ मार्च १८५७ रोजी ईशापूरजवळच बराकपूरला मंगल पांडे उभा राहिला. आम्ही हे परीक्षेला चार गुणांचे उत्तर म्हणून लिहितो. गोळीला वंगण का लागते हे ज्याने स्वतः पाहिले आहे, त्याला ते उत्तर पाठ करावे लागणार नाही.

आता आक्षेप. माझ्या बॅचमधला एक मित्र म्हणतो, नेमबाजी शिकायची तर .२२ आहे, एअर रायफल आहे, हे म्हातारे लोखंड कशाला? त्याला मी एवढेच विचारले की .२२ ची गोळी कशाची असते? शिशाचीच, कवच नसलेली, वर वंगण लावलेली. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्सचे कांस्यपदक मिळवले ते .२२ च्याच रायफलीने. शिशाची गोळी म्हणजे कमअस्सल, हा समज तिथेच संपतो. .२२ ने सुरुवात करावी हे मला मान्य आहे. पण बोल्ट मागे ओढून नवा राउंड भरताना गाल बटावरून न उचलणे, चार किलो वजन स्थिर धरणे, नुसत्या लोखंडी साइटने शंभर यार्डांवर पाहणे, हे या रायफलीनेच शिकवावे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर आपल्या सुरक्षा कर्मचाऱ्यांकडे .३०३ होत्या आणि समोर एके रायफली. ज्या हत्याराने माणसांना असे उघड्यावर सोडले, त्याचे कौतुक कशाला, असे कोणी विचारले तर राग येऊ नये. ड्युटीवरून ही रायफल गेलीच पाहिजे, आणि ती फार आधी जायला हवी होती. मी तिला ड्युटीवर परत आणा म्हणत नाही. निवृत्त सुभेदार साहेबांना आपण सीमेवर पाठवत नाही, पण त्यांना खोलीत कोंडूनही ठेवत नाही.

आणि अमेरिकेसारखे घरोघरी हत्यार मला मुळीच नको. आपल्या कायद्यात .३०३ हे सामान्य माणसाला निषिद्ध बोअर आहे. म्हणूनच परवानाधारकांसाठी .३१५ ची रायफल निघाली, जिचा बोल्ट मात्र ली-एनफील्डचाच. २०१९ च्या दुरुस्तीने एका परवान्यावरची हत्यारे तीनवरून दोनवर आणली. हे असेच राहू दे. संग्रह खाजगी नको, सरकारी असावा: रेजिमेंटल सेंटरचा, पोलीस प्रशिक्षण केंद्राचा, आपल्यासारख्या एखाद्या शाळेचा. रायफल कोतमध्ये कुलपात राहील. झाडण्याआधी आर्मरर गेज लावून बोल्ट आणि चेंबर तपासेल, जी नापास होईल तिला खुशाल भोक पाडा. शिसे ओतण्याचे काम आम्हा पोरांचे नाहीच. त्याची वाफ विषारी असते, आणि वितळलेल्या शिशात पाण्याचा एक थेंब पडला तरी ते उसळून अंगावर येते. ते मोठ्यांनी, मोकळ्या हवेत, हातमोजे आणि चष्मा घालून करावे. आम्हाला मोजमाप करू द्या, वही ठेवू द्या आणि उस्तादांच्या नजरेखाली वर्षातून एकदा पाच राउंड झाडू द्या.

खर्च किती येईल हे मला सांगता येणार नाही, पण रायफली आहेतच, रेंजही आहे. अडचण वेळेची आहे. नळीला ड्रिल मशीन लावले की दोन मिनिटांत काम होते, आणि कुठल्या रायफलीची नळी आतून अजून आरशासारखी आहे हे त्याआधी डोकावून कोणी पाहत असेल असे मला वाटत नाही. निदान एवढे तरी सुरू व्हावे. आधी पाहा, उत्तम असतील त्या दोन-चार बाजूला काढा, मग बाकीच्यांचे काय ते करा.

आपल्या डी. पी. रायफलीच्या मागच्या साइटवर २००० यार्डांपर्यंतचे आकडे कोरलेले आहेत. शिशाच्या संथ गोळीला ते जुळणार नाहीत, हिशेब नव्याने मांडावा लागेल. मी मागतो आहे ते फक्त १०० यार्ड.