महागडं आमिष आणि घरातला चमचा



‘पाया लेबार’ म्हणजे मलय भाषेत रुंद दलदल. आता दलदल गेली, इमारती उभ्या राहिल्या, पण आमच्या घरातलं मासे गरवायचं वेड काही गेलं नाही. माझा नातू सुट्टीत बेडोक रिझर्व्हॉयरवर जातो. तिथं नेमून दिलेल्या जागीच गरवता येतं. जिवंत खाद्य लावायला मनाई, नकली आमिषच वापरायचं. आणि इथंच खिशाला कात्री लागते! चांगल्या बनावटीच्या एकेका आमिषाला वीस-वीस डॉलर पडतात. पाण्यातल्या ओंडक्यात अडकलं की दोरी तुटते आणि पैसे बुडतात.

आपल्या अलिबागकडे गळाला कोळंबी लावली की काम झालं. खाडीतला जिताडा तिच्यावर यायचा. तोच जिताडा इथं बाजारात ‘सियाकाप’ नावानं मिळतो.

बाळगोपाळांनो, आता गंमत ऐका. ज्या रापाला नावाच्या आमिषासाठी तुम्ही हट्ट धरता, ते जन्मलं गरिबीतच. लाउरी रापाला हा फिनलंडचा मच्छीमार. मोठा मासा थव्यातल्या जखमी, वेड्यावाकड्या पोहणाऱ्या माशावर झडप घालतो, हे त्यानं हेरलं. १९३६ मध्ये त्यानं बूच कोरून मासा केला, त्याला चॉकलेटच्या वेष्टनाची चांदी लावली आणि फोटोच्या निगेटिव्ह वितळवून वरून लेप दिला. अमेरिकेत ज्युलिओ ब्युएलनं तर १८५२ मध्येच चमच्यासारख्या आमिषाचं पेटंट घेतलं होतं.

तेव्हा घरातच शोधा. जुन्या स्टीलच्या चमच्याचा दांडा मोठ्या माणसाकडून कापून घ्या. कडा कानशीनं घासा, दोन्ही टोकांना भोकं पाडा. एका भोकात कडी घालून दोरी बांधा, दुसऱ्यात कडीनं गळ अडकवा. पाण्यात तो लकाकत, डुलत येतो. गळाला कोंबडीची पिसं आणि रंगीत दोरा गुंडाळला तरी छान आमिष होतं. विकतच्या आमिषाचा गळ गंजला तर नुसता गळ बदला, आमिष फेकू नका. समुद्रावरून आलात की गोड्या पाण्यानं धुऊन वाळवा.

मात्र एका काटकसरीला माझी सक्त मनाई आहे. आमच्या नातवानं मित्राबरोबर शिसं वितळवून वजनं ओतायचा बेत केला होता, तोही स्वयंपाकघरातल्या शेगडीवर! मी भांडंच काढून घेतलं. शिशाची वाफ आणि धूळ पोटात गेली की मुलांच्या मेंदूला इजा होते, आणि ती भरून येत नाही. मुलांच्या रक्तात शिसं इतकं चालतं, अशी सुरक्षित पातळी नाहीच. शिशाचे मणी दातांनी दाबू नका. वजनाला लोखंडी नट बांधा, फुकटात काम होतं.

चाळीस वर्षं नर्सिंग केलं म्हणून आणखी थोडं सांगते. गळाचा उलटा काटा पकडीनं आधीच चपटा करा. बोटात गळ रुतलाच, तर ओढू नका. दोरी कापा, डॉक्टरकडे जा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा. डोळ्याला लागलं तर हात न लावता, न दाबता, वर कागदी कप धरून थेट हॉस्पिटल गाठा. आजी-आजोबांनो, मुलं गळ फेकत असतील तेव्हा त्यांच्या पाठीमागे उभं राहू नका.