ज्याला नाही म्हणता येतं, त्यालाच सांगावं

दवाखान्यात निजलेल्या माणसाला कुणी आपण होऊन येशूबद्दल सांगायला जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे. मी ख्रिस्ती आहे. मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात नर्सिंग शिकले आणि निवृत्त होईपर्यंत कल्याणच्या एका खाजगी रुग्णालयात सिस्टर म्हणून काम केलं. राहते डोंबिवली पूर्वेला. माझा विश्वास मी कधी लपवला नाही आणि तो इतरांना सांगणं हे प्रत्येक ख्रिस्ती माणसाचं काम आहे, हेही मानते. म्हणूनच हे लिहिते आहे.

संध्याकाळच्या भेटीच्या वेळेत आमच्याच मंडळ्यांमधली माणसं वॉर्डात येत. पिशवीत फळं, हातात छोटा नवा करार आणि पत्रकं. मनाने चांगली माणसं, यात शंका नाही. स्वतःचा पगार मोडून पेशंटसाठी औषधं आणणारीही त्यांच्यात होती. ती एखाद्या अनोळखी खाटेपाशी उभी राहत, स्तोत्र वाचत, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करत. खाटेवरचा माणूस मान हलवायचा. पण तो माणूस कोणत्या अवस्थेत असतो, हे आम्हा परिचारिकांइतकं कुणाला ठाऊक नसतं. हाताला सलाईन, लघवीला नळी, उद्याच्या बिलाचा घोर. कूस बदलायलाही त्याला दुसऱ्याचा हात लागतो. त्या दिवशी तो कुणालाही ‘हो’ म्हणेल. शहापूरहून, मुरबाडहून आलेले त्याचे नातेवाईक तर दवाखान्यात जो बोलेल त्याच्यापुढे हात जोडून उभे राहतात. त्या मान हलवण्याला विश्वास समजणं हा त्या माणसावर अन्याय आहे आणि प्रभूच्या नावावरही.

विचारलं तर गोष्ट वेगळी. एका रात्री मुरबाडकडच्या एका बाईंनी मला विचारलं, ‘‘सिस्टर, इंजेक्शन भरताना तुम्ही ओठांत काय पुटपुटता?’’ त्यांचे मालक आयसीयूत होते. मी म्हटलं, ‘‘प्रार्थना करते. माझा हात चुकू नये आणि तुमच्या मालकांना आराम पडावा म्हणून.’’ ‘‘कुणाला करता?’’ ‘‘येशूला.’’ त्या म्हणाल्या, ‘‘बरं. मी म्हशाच्या देवाला नवस बोललेय. तुम्ही तुमच्या देवाला सांगा.’’ मी ‘सांगते’ म्हटलं आणि कामाला लागले. याहून जास्त बोलायला हवं होतं, असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. त्यांनी विचारलं तेवढ्याचं उत्तर खरं आणि पूर्ण दिलं होतं.

विश्वास सांगण्याचं मला ठाऊक असलेलं सगळ्यात चांगलं उदाहरण रेल्वेच्या डब्यातलं आहे. १८९३ साली नारायण वामन टिळक नोकरीच्या शोधात नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. डब्यात एक गोरे गृहस्थ भेटले. आधी संस्कृत काव्यावर गप्पा झाल्या, मग धर्मावर. उतरताना त्या गृहस्थांनी टिळकांच्या हाती नवा करार ठेवला, वाचायचं वचन घेतलं आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं सांगितलं. एकमेकांचा पत्ता कुणी घेतला नाही. टिळकांनी वाचायला घेतलं आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते थांबले. त्यानंतर वाचन, शंका, पत्रव्यवहार, वाद. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. या हकिगतीत मला भविष्यवाणीपेक्षा डब्यातली बरोबरी महत्त्वाची वाटते. समोर बसलेला माणूस पंडित होता, कवी होता, त्या गृहस्थाला निरुत्तर करू शकणारा होता. पुस्तक खिडकीतून फेकून द्यायची त्याला पूर्ण मोकळीक होती. त्याला काही हवं होतं तर ती नोकरी, आणि ती या गृहस्थांकडे नव्हती.

आणि टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई? नवऱ्याच्या बाप्तिस्म्याने त्यांच्यावर जे ओढवलं ते त्यांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. माहेर-सासरचा आकांत, ताटातूट, लोकांची बोलणी. आम्ही ख्रिस्ती लोक टिळकांच्या बाप्तिस्म्याची गोष्ट आनंदाने सांगतो, तेव्हा ते दुःख पटकन ओलांडून जातो. ते ओलांडू नये. एका माणसाच्या निर्णयाची किंमत घरातल्या दुसऱ्या माणसाने मोजली होती. पुढे लक्ष्मीबाई नवऱ्याकडे राहायला आल्या त्या आपलं सोवळं घेऊनच, आणि ते त्यांनी आपल्या मनाने, आपल्या वेळी सोडलं. त्यांचा बाप्तिस्मा १९०० साली झाला, टिळकांच्या नंतर पाच वर्षांनी. टिळकांसारख्या तापट आणि उतावळ्या माणसालाही ही पाच वर्षं थांबावं लागलं. थांबणं हेही सांगण्याचंच काम आहे, हे मी त्या पुस्तकातून शिकले.

आपल्या ठाण्याची गोष्ट तर याहून जवळजवळ पावणेसहाशे वर्षं जुनी आहे. एप्रिल १३२१ मध्ये टॉलेंटिनोचे थॉमस आणि त्यांचे तीन सोबती, चीनकडे निघालेले फ्रान्सिस्कन साधू, ठाण्यात मारले गेले. काझीपुढे धर्मावरून वाद झाला आणि त्याचा शेवट असा झाला. त्यांच्या अस्थी पुढे घेऊन जाणाऱ्या ओदोरिक या साधूने लिहून ठेवलं आहे की तेव्हा ठाण्यात नेस्टोरियन ख्रिस्ती लोकांची पंधरा घरं होती, आणि हे चौघे त्यांतल्याच एका घरी उतरले होते. हुतात्म्यांची नावं चर्चच्या इतिहासात आहेत. त्या पंधरा घरांतल्या माणसांची नाहीत. पण मला कुतूहल आहे ते त्यांचंच. ती माणसं शेजाऱ्यांशी काय बोलत असतील? मुलाबाळांसह इथं राहायचं, बाजारहाट करायचा, आणि ‘तुमचा देव कोणता’ या प्रश्नाला रोज उत्तर द्यायचं. साधू आले आणि गेले; नांदायचं होतं ते या घरांना. आज डोंबिवलीच्या सोसायटीत राहणारा ख्रिस्ती माणूस त्या घरांच्या जागी आहे.

शेजाऱ्यांच्या मनात किंतु का असतो, हेही समजून घ्यायला हवं. मासुंदा तलावाकाठचं सेंट जॉन बाप्टिस्ट चर्च पोर्तुगीज काळातलं. १७३७ साली मराठ्यांनी ठाणं घेतलं तोपर्यंत इथं पोर्तुगीजांचं राज्य होतं आणि त्या राज्यात धर्म, सत्ता आणि सवलती एकमेकांत मिसळलेल्या होत्या. ते झालंच नाही, असं मी म्हणणार नाही. मात्र माझ्या लोकांना सरसकट ‘पोटासाठी बाटले’ म्हणतात, तेही मी ऐकून घेणार नाही. माझी पणजी नेवासे तालुक्यातली, महार समाजातली. दुष्काळात मिशनने धान्य दिलं, हे खरं. त्याच मिशनच्या शाळेत ती अक्षर शिकली आणि गावच्या विहिरीवर जिला पाणी मिळत नव्हतं ती आपल्या हाताने पवित्र शास्त्र उघडून वाचू लागली, हेही खरं. पुढे १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीच्या सवलती ख्रिस्ती झालेल्यांना नाकारल्या. पोटासाठीच आलो असतो तर तेव्हा आमच्या घराने परत फिरायला हवं होतं. आम्ही फिरलो नाही. माझ्या भावांनी सवलतीशिवाय शिकून अंबरनाथच्या कारखान्यात नोकऱ्या केल्या.

कायद्याचं म्हणाल तर राज्यघटनेच्या २५व्या कलमाने प्रत्येकाला आपला धर्म मानण्याचं, आचरण्याचं आणि त्याचा प्रसार करण्याचं स्वातंत्र्य दिलं आहे. १९७७ साली स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आपल्या धर्माची शिकवण समजावून सांगण्याचा हक्क आहे, दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा नाही. या निकालावर आमच्यातले पुष्कळ जण आजही नाराज आहेत. मला त्यातलं पहिलं वाक्य पुरेसं वाटतं. धर्मांतर घडवणारी मी कोण? माझं काम सांगण्याचं. मात्र ते सांगण्याचा हक्क तरी राहू द्या, एवढं मी शेजाऱ्यांना आणि पोलिसांना म्हणते. ज्या सोसायटीत सत्यनारायणाची पूजा होते, गणपतीच्या आरत्या होतात, मीही ज्यांच्या प्रसादाला जाते, तिथे माझ्या घरी गुरुवारी संध्याकाळी दहा माणसं बसून ‘उपासना संगीता’तली गीतं गायली तर त्यात संशय घेण्यासारखं काय आहे? घरसभेच्या वेळी मी दार उघडं ठेवते. सेक्रेटरींना आधीच सांगून ठेवते. कुणी आत येऊन बसलं तर चहा मिळतो, मधूनच उठून गेलं तर कुणी विचारत नाही.

पण आमच्याच काही चंगाई सभांबद्दल मला स्पष्ट बोलायचं आहे, कारण त्यांचे परिणाम मी वॉर्डात पाहिले आहेत. ‘प्रभूने बरं केलं’ असं स्टेजवरून ऐकून इन्सुलिन थांबवलेली बाई बेशुद्धावस्थेत आमच्याकडे आली होती. टीबीची औषधं निदान सहा महिने घ्यावी लागतात. दोन महिन्यांत खोकला थांबतो आणि माणसाला वाटतं आपण बरे झालो. अशा वेळी कुणी त्याला ‘आता गोळ्यांची गरज नाही’ म्हटलं तर ते त्याच्या जिवाशी खेळणं आहे, आणि अर्धवट औषधाने बळावलेला टीबी घरातल्या लेकरांनाही धरतो. बरं होण्याचं आश्वासन हे मोठं आमिष आहे. पैशाच्या आमिषापेक्षाही मोठं, कारण आजाऱ्याला दुसरं काही सुचतच नसतं.

दुसरीकडे, आमची तरुण मुलं अगदीच गप्प होत चालली आहेत. ऑफिसात आडनावावरून धर्म कळत नसेल तर सांगत नाहीत. रविवारी कुठे गेला होतास म्हणून विचारलं तर ‘नातेवाइकांकडे’ म्हणतात. व्हिडिओ निघेल, तक्रार होईल, ही त्यांची भीती खोटी नाही. तरी त्यांना माझं सांगणं आहे की विचारणाऱ्याला खरं सांगा. कल्याण लोकलच्या लेडीज डब्यात बायका टाळ वाजवून भजनं म्हणतात, मीही वर्षानुवर्षं ती ऐकत आले. ‘तुमच्यात काय म्हणतात?’ असं त्यांच्यातल्याच एकीने विचारलं, तेव्हा मी टिळकांचं एक भजन म्हटलं. पुढच्या आठवड्यात त्यांनी ते पुन्हा म्हणायला लावलं. आजवर त्यांतली एकही ख्रिस्ती झालेली नाही. आमची मैत्री तेवढ्यावर अडलेली नाही.

आमच्या मंडळीच्या पंच कमिटीपुढे मी लेखी मागणी ठेवली आहे. रुग्णालयात जायचं ते पेशंटने किंवा घरच्यांनी बोलावलं तरच, आणि फळं-औषधं द्यायची तर त्या दिवशी पत्रक द्यायचं नाही. स्टेशनबाहेर पत्रकं वाटणाऱ्याने आपलं नाव आणि मंडळीचं नाव सांगायचं, आणि आईबाप सोबत नसतील तर लहान मुलांच्या हातात काही द्यायचं नाही. औषध बंद करायला सांगणाऱ्या वक्त्याला आमच्या व्यासपीठावर बोलवायचं नाही. दोन पंचांनी आत्ताच विरोध कळवला आहे. त्यांच्या मते मरणाच्या दारातल्या माणसाला सुवार्ता न सांगणं हे पाप आहे. त्यांची कळकळ मला समजते. मीही अनेकांच्या उशाशी शेवटच्या घटकेला उभी राहिले आहे. पुढच्या महिन्यात बैठक आहे आणि मी मागणी मागे घेणार नाही.