दुर्मीळ मृदा धातू : दोहन हवे, शोषण नको

एप्रिल २०२५ मध्ये चीनने सात दुर्मीळ मृदा धातू व त्यांची चुंबके यांच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले आणि काही आठवड्यांतच भारतीय वाहन उद्योगाच्या तोंडचे पाणी पळाले. विजेच्या दुचाकीपासून क्षेपणास्त्रापर्यंत सर्वत्र लागणाऱ्या या चुंबकांसाठी देश बव्हंशी चीनवर विसंबून होता. २०१० मध्ये जपानने हाच अनुभव घेतला होता. ‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’ ही म्हण आपण मात्र खोटी ठरविली.

वास्तविक भारत या बाबतीत दरिद्री नाही. केरळ, तामिळनाडू व ओडिशाच्या किनारी वाळूतील मोनाझाइटमुळे सुमारे ६९ लाख टनांचा साठा आपल्याकडे आहे. ‘इंडियन रेअर अर्थ्स’ची स्थापना १९५० सालची. तरीही २०२४ मध्ये चीनचे उत्पादन २ लाख ७० हजार टन, तर भारताचे ३ हजार टनांहूनही कमी!

चीनच्या स्वस्ताईचे रहस्य केवळ कौशल्यात नाही. बाओटौजवळचा विषारी गाळाचा तलाव आणि जियांगशीच्या डोंगरांत ओतलेले अमोनियम सल्फेट यांची किंमत मालाच्या पावतीवर कधी लिहिली गेली नाही. पुढे हे उत्खनन म्यानमारच्या काचीन प्रांतातही पसरले. स्वस्त मालाचे खरे मोल त्या भूमीने आणि तिच्या लेकरांनी मोजले.

‘आता काहीही करून उत्पादन वाढवा’, असा सूर आपल्याकडे निघू लागला आहे. तो घातक आहे. मोनाझाइटमध्ये थोरियम असते. डॉ. होमी भाभांच्या त्रिस्तरीय अणुकार्यक्रमाचे ते भावी इंधन आहे. पण निष्काळजीपणे टाकल्यास तोच किरणोत्सारी कचरा ठरतो. मलेशियात बुकित मेराह येथील कारखाना अशाच कचऱ्यावरील जनक्षोभानंतर बंद पडला. किनाऱ्यावरच्या मच्छीमार बांधवांचा विश्वास गमावून कोणताही प्रकल्प टिकणार नाही. म्हणून शुद्ध प्रक्रिया ही चैन नसून उद्योगाच्या अस्तित्वाची अट आहे.

मार्ग उपलब्ध आहेत. मोनाझाइटवर गंधकाम्लाऐवजी कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया केल्यास त्यातील फॉस्फेट विकण्याजोगे ट्रायसोडियम फॉस्फेट म्हणून हाती येते आणि थोरियम वेगळे काढून सुरक्षित साठविता येते. केरळातील आलुव्याच्या कारखान्याला ही पद्धत जुनीच परिचित आहे. खरी अडचण पुढे येते. हे धातू गुणधर्मांनी जुळ्या भावंडांसारखे. त्यांना परस्परांपासून सोडविण्यासाठी आम्ले व द्रावके यांचे शेकडो टप्पे लागतात. अमेरिकेतील संशोधकांना २०१८ मध्ये एका जिवाणूत ‘लॅनमोड्युलिन’ हे प्रथिन सापडले. ते नेमके हेच धातू पकडते, त्यामुळे हा पसारा आटोपण्याची आशा आहे. खुद्द चीनमध्येही रसायने कमी व्हावीत म्हणून मातीतून विद्युत्प्रवाह सोडण्याचे प्रयोग झाले आहेत. शिवाय भंगारातील हार्ड डिस्कमधली चुंबके म्हणजे खाणीविना मिळणारे खनिजच!

नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने वार्षिक ६ हजार टन चुंबकांच्या निर्मितीसाठी ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. तिचे स्वागतच केले पाहिजे. मात्र शुद्ध विलगीकरणाचे संशोधन आणि भंगाराचे संकलन यांना तितकेच पाठबळ मिळाले नाही, तर हे यश अर्धेच राहील.

पं. दीनदयाळ उपाध्याय यांच्या एकात्म मानवदर्शनाला निसर्गाचे शोषण नव्हे, दोहन अभिप्रेत आहे. वासराचा वाटा राखून दूध काढणारा गवळीच दुसऱ्या दिवशीही दूध काढू शकतो. चीनची मक्तेदारी मोडायची ती चीनचीच वाट चोखाळून नव्हे. आपला किनारा निर्मळ ठेवून मिळविलेले स्वावलंबन हेच खरे स्वदेशी!