पाकट, सारस आणि आपली ‘जवळून बघायची’ हौस

सुट्ट्या सुरू झाल्या की तुमच्या फीडवर एक रील हमखास येतं. निळंशार पाणी, बेटाजवळ थांबलेली बोट, कमरेएवढ्या पाण्यात उभं असलेलं अख्खं कुटुंब आणि त्यांच्या पायांशी घोटाळणारे चादरीसारखे चपटे मासे. हे ‘स्टिंग रे’. आपल्या कोकणात याच माशाला पाकट म्हणतात. शेपटीवर विषारी काटा असतो, आणि लहान पोरं त्याला कुरवाळतायत! खाली कॉमेंट एकच : कुठे आहे हे, खर्च किती?

यातली सगळ्यात प्रसिद्ध जागा कॅरेबियन समुद्रातल्या ग्रँड केमन बेटाजवळची. तिथले मच्छीमार उथळ पाण्यात मासे साफ करून उरलेलं तिथंच टाकायचे, त्या वासाने पाकटं जमायची. १९८०च्या दशकात डायव्हर्सनी त्यांना हातानं भरवायला सुरुवात केली आणि मग बोटींची रांगच लागली. संशोधकांनी नंतर या पाकटांचा अभ्यास केला, तेव्हा चित्र फार गोड नव्हतं. हा मासा एरवी रात्री, बहुतेक एकटा चरतो. इथली पाकटं मात्र बोटींच्या वेळापत्रकाप्रमाणे दिवसा, गर्दी करून फिरायला लागली. अंगावर जखमा आणि परजीवी जास्त, तब्येत खालावलेली. रीलमध्ये आपल्याला जे ‘प्रेम’ दिसतं, ते खरं तर जेवणाच्या वेळेची सवय आहे.

सवय नसलेलं पाकट कसं असतं, हे मुंबईने २०१३ मध्ये पाहिलं. गणेशोत्सवात गिरगाव चौपाटीवर विसर्जनाला पाण्यात उतरलेल्या पन्नासहून जास्त लोकांना डंख बसले. पाकटानं हल्ला वगैरे केला नव्हता. ते वाळूत दबून बसतं, पाय पडला की शेपटी उडवतं, बस. म्हणून तर जाणकार सांगतात, अशा पाण्यात पाय उचलून टाकू नका, वाळूतून घासत चाला. त्याला चाहूल लागते आणि ते निघून जातं.

आता तुम्ही म्हणाल, आपण दरेकसावाले. समुद्र शेकडो किलोमीटर दूर. हाजरा फॉलला पाय बुडवणारी आणि कचारगडच्या गुहेपर्यंत चढणारी माणसं आपण, आपला पाकटाशी काय संबंध? संबंध आहे. केमनच्या बोटीवर जे विकलं जातं, तेच आपल्याकडे जिप्सीत विकलं जातं : जवळ जाणं.

३१ डिसेंबर २०२४चा तो व्हिडिओ आठवतोय ना? उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एफ-टू वाघीण आणि तिचे पाच बछडे रस्त्यावर, आणि दोन्हीकडून पर्यटकांच्या गाड्यांनी वाट अडवलेली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, चालक आणि गाइड निलंबित झाले. नियम मोडला त्यांनी, शिक्षा योग्यच. पण माझा मुद्दा वेगळा आहे. ‘भाऊ, थोडी पुढे घे ना’ हे वाक्य चालकाचं नसतं. ते मागच्या सीटवरून येतं, आणि टिपही तिथूनच येते. गाइड होणारी पोरं आपल्याच आजूबाजूच्या गावांतली असतात. त्यांची रोजी गेली. मागच्या सीटवाले फोटो घेऊन घरी पोहोचले. प्राण्याला त्रास देणं, डिवचणं अभयारण्यात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे, पण हा कायदा पर्यटकालाही लागू होतो हे कुणाच्या ध्यानातच नसतं.

बरं, त्रास द्यायचा नाही, जीव लावायचा, मग तर चालेल? इथे गोष्ट अवघड होते. उत्तर प्रदेशात अमेठीच्या एका तरुणानं शेतात जखमी पडलेल्या सारसावर उपचार केले. पक्षी बरा झाला, पण गेला नाही; त्याच्या मोटारसायकलमागे उडायला लागला. देशभर व्हिडिओ फिरले. मार्च २०२३ मध्ये वन विभागाने सारस ताब्यात घेतला आणि शेवटी तो कानपूरच्या प्राणिसंग्रहालयात गेला. त्या तरुणाला खलनायक म्हणणं मला पटत नाही, त्यानं जीव वाचवला. पण माणसाच्या मागे धावणारा सारस मोकळा सोडायचा कुठे, याचं सोपं उत्तर कुणाकडेच नव्हतं.

हा सारस आपल्यासाठी परका नाही. महाराष्ट्रात तो उरलाय मुख्यतः आपल्याच गोंदिया जिल्ह्यात, धानाच्या बांध्यांत आणि तलावांच्या काठी. माणसाच्या उंचीचा पक्षी, बांधीतच घरटं घालतो. शेतकरी रोवणी करताना तेवढी जागा सोडून देतात, अंडी उबेपर्यंत तिकडे फिरकत नाहीत. त्यांना कुणी ‘वाइल्डलाइफ एक्सपीरियन्स’ विकलेला नाही. दरवर्षी जूनमध्ये होणाऱ्या सारस गणनेतही पोरं पहाटे दुर्बीण घेऊन दूर बांधावर उभी राहतात आणि कागदावर आकडा लिहितात. मोबाइलवर फोटो काढला तर त्यात पक्षी जेमतेम ठिपक्याएवढा येतो.