नकाशा आणि हप्ता

बारावीचे निकाल लागले, की अमरावती-अकोल्याच्या पुष्कळ घरांत एक नवा हट्ट ऐकू येतो. मुलाचा किंवा मुलीचा हात चित्रकलेत चांगला असतो, गणितही बरे असते, 'नाटा'ची परीक्षा दिलेली असते आणि आर्किटेक्ट व्हायचे असे ठरलेले असते. आईला आनंद होतो. वडील मात्र कागद-पेन्सिल घेऊन आकडे मांडायला बसतात आणि मग घरात त्यांना 'हिशेबी' म्हणून नावे ठेवली जातात. मला वडिलांच्या त्या पेन्सिलीची बाजू घ्यावीशी वाटते.

शेंडगावच्या डेबूजीने, म्हणजे आपल्या गाडगेबाबांनी, कीर्तनातून वऱ्हाडाला दोन गोष्टी परोपरीने सांगितल्या. कर्ज काढू नका आणि काहीही करा, पण पोरांना शिकवा. त्या काळी या दोन उपदेशांत भांडण नव्हते. कर्ज निघत होते ते लग्नाला आणि तेराव्याला. आज ते शिक्षणालाच काढावे लागते, आणि बाबांचे नाव धारण करणाऱ्या विद्यापीठाच्या पाचही जिल्ह्यांतले पालक या दोन उपदेशांच्या मध्ये उभे आहेत.

आर्किटेक्चरचा अभ्यासक्रम पाच वर्षांचा. इंजिनिअरिंगपेक्षा एक वर्ष जास्त. म्हणजे एका वर्षाची फी वाढते आणि एका वर्षाचा पगार बुडतो, हे आधी धरून चालावे. पदवी घेऊन, १९७२च्या कायद्यानुसार कौन्सिलकडे नोंदणी केल्याखेरीज 'आर्किटेक्ट' ही पाटी लावता येत नाही. फीच्या पत्रकात जे दिसत नाही ते निराळेच: दर आठवड्याला लागणारे कागद, मॉडेलसाठी पुठ्ठा आणि फोम, बऱ्यापैकी लॅपटॉप, मोठ्या नकाशांच्या प्रिंट, अभ्यास-सहली. प्रवेशाच्या दिवशी हा खर्च कोणी सांगत नाही. एखादा विषय राहिला तर पाचाची सहा वर्षे होतात, तेही कोणी सांगत नाही.

आता हिशेब. समजा दरवर्षी १ लाख याप्रमाणे ५ लाख रुपये कर्ज उचलले आणि व्याज १० टक्के धरले. शैक्षणिक कर्जात शिक्षणाचा काळ आणि त्यापुढे साधारण एक वर्ष हप्ता नसतो. पण व्याज थांबलेले नसते. सरळव्याजानेही सहा वर्षांत २ लाख रुपये चढतात. म्हणजे हप्ता सुरू होतो तो ७ लाखांवर. दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला सुमारे ९,२५० रुपये, आणि एकूण भरणा ११ लाखांच्या वर. पंधरा वर्षे घेतली तर हप्ता साडेसात हजारांवर येतो, पण भरणा साडेतेरा लाखांपर्यंत जातो.

समोर कमाई काय? एखाद्या जिल्ह्याच्या गावी आर्किटेक्टच्या ऑफिसात लागलेली आणि १५ हजारांवर सुरुवात केलेली मुले माझ्या पाहण्यात आहेत. पुण्या-मुंबईत पगार थोडा जास्त मिळतो, पण खोलीभाडे आणि डबा तो गिळून टाकतात. स्वतःचे ऑफिस थाटून नाव व्हायला वर्षे जातात. आपल्याकडे प्लॉटवर घर बांधणारा माणूस तर विचारतोच, "भाऊ, घराचा नकाशा काढाले पाच वर्सं कायले लागते?" नकाशा त्याला ठेकेदाराकडूनच 'फुकट' मिळालेला असतो. कायदाही इथे फारसा मदतीला येत नाही. मार्च २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की १९७२चा कायदा 'आर्किटेक्ट' हे बिरुद राखतो. इमारतींचे आराखडे करण्याचे काम नोंदणी नसलेल्यांना बंद करीत नाही.

गरज नाही असे मात्र कोणी म्हणू नये. मे २०२४मध्ये अकोल्यात पारा ४५ अंशांच्या पुढे गेला, तेव्हा प्रशासनाला उन्हासाठी १४४ कलम लावावे लागले. त्याच गावात आपण सावली नसलेल्या सिमेंटच्या पेट्या बांधत सुटलो आहोत. जाड भिंतींची, ओसरीची, कवेलूंची घरे पाडली आणि कूलर आणले. हे उलटवायला शिकलेली, इथेच राहणारी मुले हवीतच. पण गावाला गरज असणे वेगळे आणि पैसे मोजणारे गिऱ्हाईक दारात येणे वेगळे. बँकेचा हप्ता दुसऱ्यावर चालतो.

शेतकरी घरात आणखी एक गैरसमज असतो. २००८, २०१७, २०१९ अशा पीककर्जाच्या माफ्या पाहिल्यामुळे 'होईल कधीतरी' असे वाटते. त्या माफ्या शेतीकर्जाच्या होत्या, शैक्षणिक कर्जाच्या नव्हेत. साडेसात लाखांपर्यंत सरकारी हमी योजनेत तारण लागत नाही हे खरे, पण वडील सहकर्जदार असतात, आणि हप्ता थकला की त्यांचेही नाव खराब होते. पुढे पेरणीसाठी बँकेत जायचे आहे, हे विसरून चालत नाही. त्याहून मोठ्या कर्जाला तारण लागते. शेतजमीन घ्यायला बँका सहसा नाखूष असतात. मग पाळी येते राहत्या घरावर.

माझा ठोकताळा साधा आहे: हप्ता पहिल्या पगाराच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त नसावा. पगार १५ हजार धरला तर हप्ता ५ हजार, म्हणजे वरच्याच हिशेबाने पाच वर्षांत मिळून कर्ज पावणेतीन लाखांच्या आत. ही रक्कम फार थोडी वाटेल. पण शिकत असतानाच व्याज महिन्याच्या महिन्याला भरले, तर तेवढ्याच हप्त्यात पावणेचार लाख झेपतात. पावणेचार लाखांचे कर्ज सारख्या पाच भागांत उचलले, तर पहिल्या वर्षी हे व्याज महिना सव्वासहाशेच्या आसपास येते, पाचव्या वर्षी सव्वाएकतीसशेच्या आसपास. पगारदार घराला ते जमण्यासारखे आहे. कापसा-सोयाबीनच्या भावावर जगणाऱ्या घराला दरमहा जमणार नाही, त्यांनी माल विकला जाईल तेव्हा एकरकमी भरण्याची मुभा बँकेकडे मागावी.

कर्जाचा आकडा खाली आणण्याचे मार्गही आहेत. घराजवळचे कॉलेज मिळाले तर खोली-खानावळ वाचते. केवळ 'पुण्याला शिकतो' हे सांगण्यासाठी कर्ज दुप्पट करणे मला पटत नाही. सरकारी संस्थेत नंबर लागला तर गोष्ट वेगळी, तिथे जरूर जावे. जुलै २०२४च्या शासन निर्णयानुसार ८ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या ओबीसी, आर्थिक दुर्बल आणि एसईबीसी घरांतल्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क सरकार भरते. मात्र प्रवेश केंद्रीय फेरीतून हवा, व्यवस्थापन कोट्यातून नव्हे. अल्पभूधारकांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, आणि त्याला पापळच्या डॉ. पंजाबराव देशमुखांचे नाव आहे. उत्पन्नाचा आणि अल्पभूधारकाचा दाखला तहसीलमधून मिळायला वेळ लागतो. प्रवेशाच्या फेऱ्या सुरू होण्याआधीच अर्ज टाकून ठेवावा.