हजेरीपटावरची सही

विशेष शिबिरांचा हंगाम जवळ आला की राष्ट्रीय सेवा योजनेच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांची वक्त्यांसाठी धावपळ सुरू होते. बौद्धिक सत्रांच्या यादीत ‘नैतिक नेतृत्व’ हा विषय बहुधा असतोच, तोही दुपारच्या जेवणानंतर, निम्मी मुले पेंगत असताना. त्याने फारसे बिघडत नाही. हा विषय मुले व्याख्यानाआधीच शिकलेली असतात, हजेरीपटावरून.

ही योजना गांधीजन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांतल्या सुमारे ४० हजार स्वयंसेवकांसह सुरू झाली. वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचे एक शिबिर हा हिशेब आज प्रत्येक कार्यक्रम अधिकाऱ्याला पाठ आहे. नव्या शैक्षणिक धोरणानंतर राज्यातल्या पदवी अभ्यासक्रमात या कामाला श्रेयांकांच्या चौकटीत जागा मिळाली. तासांना भाव आला, आणि न केलेल्या तासांनाही.

वर्षअखेरीस एका बैठकीत, एकाच शाईने भरलेल्या कार्यनोंद वह्या कुणाला नवीन नाहीत. अधिकाऱ्यांची अडचणही खोटी नाही: शंभर मुलांचे एकक, शिवाय स्वतःच्या तासिका, परीक्षेची कामे, नॅक मूल्यांकनाच्या फायली. पण साठ तास काम केलेल्या मुलाच्या वहीत १२० तासांवर सही होते, तेव्हा सेवा कागदावरही करता येते हे त्याला त्याच्या शिक्षकानेच दाखवलेले असते. पुढे हाच मुलगा ग्रामपंचायतीत किंवा सरकारी खात्यात सहीचा अधिकारी होऊ शकतो. चौऱ्याहत्तर तास झाले असतील तर चौऱ्याहत्तरच लिहावेत; उरलेले पुढच्या सत्रात भरून घ्यावेत. विद्यापीठाला आकडा आवडणार नाही, एवढेच.

दुसरा धडा काम निवडताना मिळतो. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी दवाखाना बांधण्याआधी गोंड लोकांनाच विचारले की तो कसा हवा. मोठ्या इमारतीची आणि पांढऱ्या कपड्यांची भीती वाटते, नातेवाइकांना रुग्णाजवळ राहू देत नाहीत, असे लोकांनी सांगितले. म्हणून त्यांच्या शोधग्राम या परिसरात झोपड्यांच्या गावासारखा दवाखाना उभा राहिला, आणि त्याला नाव मिळाले माँ दंतेश्वरी या देवीचे. २००६ पासून तिथेच ‘निर्माण’ या उपक्रमाची तरुणांसाठी शिबिरे होतात. त्यांतून गेलेल्या अनेक डॉक्टरांनी पुढे प्राथमिक आरोग्य केंद्रांत काम केले आहे.

आपल्या शिबिरांत मात्र गावाला विचारण्याआधीच काम ठरलेले असते. वनराई बंधाऱ्याचेच पाहा. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत वाळू-माती भरून ओढा अडवायचा, तो पाऊस ओसरल्यावर, पाणी वाहते असताना. शिबिराची तारीख ठरते परीक्षेच्या वेळापत्रकावरून. मग आटत आलेल्या ओढ्यात बंधारा होतो, छायाचित्र निघते आणि अहवालही जातो. गावातली माणसे काही बोलत नाहीत. पाहुण्या आलेल्या मुलांना नावे कशी ठेवायची? दत्तक गावाच्या ग्रामसभेला चार-पाच स्वयंसेवक ऑगस्टमध्येच जाऊन बसले, तर काम काय आणि ते कधी हे तिथेच कळेल. कदाचित गावाला बंधारा नकोच असेल. रेशनकार्डाचे अर्ज भरून हवे असतील. त्याचे छायाचित्र चांगले येत नाही, पण काम तेच करावे.

आणि शिबिराचा हिशेब. तो बहुतेक ठिकाणी अधिकाऱ्याच्या पिशवीत असतो. तो दोन विद्यार्थ्यांकडे सोपवावा. धान्य, भाजी, जीपभाडे, मंडप, सगळे त्यांनीच लिहावे. सातव्या दिवशी समारोपात पाहुण्यांचे भाषण दहा मिनिटांनी आवरून तो गावासमोर मोठ्याने वाचायला लावावा. किराणा दुकानदार बहुधा पहिल्याच रांगेत बसलेला असतो.