लायब्ररीनं शब्द पाळायचा की नाही?

पहिल्या सेमिस्टरपासून आपण 'प्रिंटएफ' लिहितोय. पण स्क्रीनवर अक्षरं आणतं कोण, असं व्हायवात विचारलं की निम्मी बॅच "कंपायलर" म्हणून मोकळी होते! कंपायलर नुसतं भाषांतर करतो. मजकूर जुळवणं, बफरमध्ये साठवणं आणि 'राइट' हा सिस्टिम कॉल करून तो कर्नलच्या हवाली करणं, हे सगळं रनटाइम लायब्ररी करते. लिनक्सवर बहुतेक ठिकाणी ती म्हणजे जीलिबसी. (लायब्ररीला इथे 'ग्रंथालय' म्हणायला मी तरी तयार नाही.)

२०१० मध्ये फेडोरा १४ च्या ६४ बिट मशीनवर फ्लॅश प्लेअरचा आवाज एकदम खरखरायला लागला. बदल झाला होता जीलिबसीत. तिथलं 'मेमकॉपी' हे फंक्शन नव्या प्रोसेसरसाठी वेगवान केलं होतं, आणि ते कधी कधी बाइट्स शेवटाकडून कॉपी करायचं. नियम असा, की कुठून आणि कुठे कॉपी करायचं त्या दोन जागा एकमेकींवर आलेल्या नकोत. तसं असेल तर 'मेममूव्ह' वापरा. फ्लॅशनं नियम मोडला होता, पण जुन्या पद्धतीत ते खपून जायचं. लायब्ररीवाल्यांचं म्हणणं, स्टँडर्ड वाचा. लिनस टॉरवाल्ड्सचं म्हणणं, वापरणाऱ्याला स्टँडर्डशी काय करायचंय, त्याचा आवाज बिघडला ना!

मला टॉरवाल्ड्सचं पटतं. डायनॅमिक लिंकिंगमध्ये अॅप्लिकेशन लायब्ररी बरोबर घेऊन फिरत नाही, मशीनवर असेल तिच्यावर विसंबतं. मग तिनं अचानक वागणं बदललं तर बिचाऱ्यानं जायचं कुठे? शेवटी २०११ च्या २.१४ आवृत्तीत छान तोड निघाली. मेमकॉपीवर नवा व्हर्जनचा शिक्का मारला. जुन्या बायनरीला मेममूव्हसारखं वागणं मिळतं, नव्यानं लिंक होणाऱ्याला नवं.

उलटं मात्र चालत नाही. नव्या लॅपटॉपवर बिल्ड केलेला प्रोजेक्ट लॅबच्या जुन्या पीसीवर "जीलिबसी २.३४ नॉट फाउंड" म्हणत आडवा पडतो, आणि ऐन सबमिशनच्या दिवशी व्हायरसला शिव्या बसतात! जुन्या मशीनवर बिल्ड केलं असतं तर दोन्हीकडे चाललं असतं.

सरांना विनंती एवढीच, की ऑपरेटिंग सिस्टिमच्या लॅबमध्ये शेड्युलिंगची गणितं एक आठवडा थांबवा. त्या दोन तासांत आमच्याच 'हॅलो वर्ल्ड'वर 'एलडीडी' आणि 'एसट्रेस' चालवून बघू द्या.